बागेचे कुलूप दुपारीही उघडावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या उपनगर पुरवणीत नुकतेच आमच्या भागातील उद्यानाच्या नूतनीकरणाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. रंगीत फरसबंदी, नवे कारंजे आणि ओळीने बसवलेली ओपन जिमची यंत्रे त्यात सुरेख दिसत होती. छायाचित्र सकाळचे असावे, कारण चालण्याच्या पट्ट्यावर माणसे होती. तेच उद्यान दुपारी दोन वाजता टिपले असते, तर फाटकाला लावलेले कुलूप आणि उघडण्याच्या वेळांची पाटी एवढेच त्यात आले असते. सकाळी दहाला ते बंद होते आणि चारला पुन्हा उघडते. त्या मधल्या सहा तासांविषयी लिहावे म्हणून हे पत्र. ते जरा लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी तीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे आमच्या शेजारच्या पुनर्वसन वसाहतीतील महिलांबरोबर व्यायामाचा एक गट चालवते. खरे तर आता तो गटच मला चालवतो. या काळात जे पाहिले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की, व्यायामाच्या बाबतीत गरीब वस्तीला उपदेशाची गरज फारशी नाही. तिला जागा हवी आहे, सोयीची वेळ हवी आहे आणि त्या जागेवरचा हक्क हवा आहे. उरलेले वस्ती स्वतः करते.

जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ४९ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटांची मध्यम हालचालही त्यांच्याकडून होत नव्हती. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. पुरुषांमध्ये ते आता ४२ टक्के आहे, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के. असे आकडे आले की ‘भारतीय आळशी झाले’ असे मथळे येतात, आणि त्यांत आपल्या दैनिकाचाही अपवाद नसतो. स्त्री-पुरुषांतील पंधरा टक्क्यांचे हे अंतर आळसाच्या हिशेबात कसे बसवायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. पहाटे उठून पाणी भरणारी, डबे करणारी आणि मग दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला जाणारी बाई आळशी म्हणून या ५७ टक्क्यांत आली असेल, असे निदान मला तरी वाटत नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो सर्वप्रथम या महिलांनीच घेतला होता. “बाई, दिवसभर फरशाच पुसतो की आम्ही, अजून कसला व्यायाम?” हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात इतक्या जणींनी विचारला की माझ्याच मनात शंका आली. कष्ट हाच व्यायाम, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही, पण पुरतीही नाही. उकिडवे बसून फरशी पुसताना गुडघा आणि कंबर झिजते. ओले कपडे पिळताना मनगट आणि खांदा आखडतो. एका घराचे काम उरकून दुसऱ्या घराच्या जिन्यापाशी पोचेपर्यंत जो दम लागतो, तो घाईचा असतो. शरीर थकते, पण सगळे सांधे मोकळे होतील आणि श्वास एका लयीत वाढून तसाच काही वेळ राहील, असे त्यात क्वचितच घडते. शिवाय विसावा कधी घ्यायचा, हे त्या बाईच्या हातात नसते. कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये आला होता. मोकळ्या वेळेतील हालचाल जास्त असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी आढळला, आणि कामावरचे श्रम जास्त असणाऱ्यांमध्ये तोच धोका वाढलेला आढळला. डेन्मार्कचा कामगार आणि आमच्या वसाहतीतील महिला यांची सरसकट तुलना करता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही ‘त्यांना व्यायामाची काय गरज’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो, याचा विचार त्या निष्कर्षामुळे करावासा वाटतो.

आता आमच्या गटाविषयी. सुरुवातीला सात जणी आल्या. उद्यानात सकाळी जायचे ठरले, आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आले की प्रत्येकीच्या हातात कापडी पिशवी आहे. विचारले तर म्हणाल्या, नुसते हात हलवत फिरताना कोणी पाहिले तर काय म्हणेल. पिशवी असली की भाजीला निघालो असे वाटते. तीन-चार महिने त्या पिशव्या आमच्याबरोबर चालत होत्या. पुढे संख्या वाढली तशा त्या आपोआप घरी राहू लागल्या. एकटी बाई फिरायला निघाली तर तिला कारण द्यावे लागते, वीस जणी निघाल्या तर लोक वाट देतात. गटाचा आरोग्याशी असलेला संबंध मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या पिशव्यांनी चांगला समजावून दिला.

सकाळची वेळ मात्र टिकली नाही. वसाहतीत पाणी साडेपाच ते साडेसहा येते, त्यानंतर डबे आणि लगेच कामाला निघण्याची घाई. संध्याकाळी मुले घरी, स्वयंपाक, आणि उद्यानात इतकी गर्दी की पट्ट्यावर उभे राहायला जागा मिळत नाही. घरकाम करणाऱ्या बहुतेक जणी दुपारी एक-दीडला घरी येतात, जेवतात, आणि चार-साडेचारला दुसऱ्या फेरीच्या कामाला निघतात. त्यांच्या दिवसात स्वतःचे म्हणावेत असे दोन तास कोणते असतील, तर ते हे. आणि नेमक्या याच वेळी उद्यानाला कुलूप असते. वेळापत्रक ठरवणाऱ्याने ते मुद्दाम केले, असा माझा आरोप नाही. माळ्याला आणि रखवालदाराला विश्रांती हवीच, आणि उन्हात कोण येणार, असाही विचार झाला असेल. पण ते वेळापत्रक सकाळी फिरून कार्यालयात जाणाऱ्याच्या आणि संध्याकाळी नातवंडांना घेऊन येणाऱ्या निवृत्ताच्या दिवसाला अगदी फिट बसते. मी स्वतः त्या दुसऱ्या वर्गातली आहे, म्हणून मला ते इतकी वर्षे कधी खटकले नाही.

शेवटी वसाहतीतील बुद्धविहाराच्या विश्वस्तांनी दुपारी अडीच ते साडेतीन सभागृह वापरायला दिले. माझ्या जुन्या शाळेतील अडगळीत पडलेल्या तीस लेझिमी मुख्याध्यापकांनी दिल्या. त्यांतल्या निम्म्यांच्या चकत्या गंजल्या होत्या, त्या रॉकेलने पुसून घेतल्या. ‘चार आवाज’, ‘एक जागा’, ‘आगे फलांग’ हे हुकूम तीस वर्षे मी मुलांना दिले. पण पन्नाशीच्या बायकांनी हलगीच्या ठेक्यावर पहिल्यांदा चार आवाज एकत्र पाडले, तेव्हा जिन्यात उभ्या राहून पाहणाऱ्या आणखी दहा जणी दुसऱ्या दिवशी आल्या. श्रावणात झिम्मा, फुगडी आणि पिंगा झाला. ज्यांच्याकडे मंगळागौर नसते त्या मुस्लिम भगिनींनी लंगडी सुचवली, आणि लंगडी सगळ्यांनाच येत होती. दहा मिनिटे सलग फुगडी घालणाऱ्या बाईला ट्रेडमिलची गरज नाही, हे मी शारीरिक शिक्षणाची पदवीधर म्हणून जबाबदारीने लिहिते.

चुकाही झाल्या. लंगडीत एकीचा घोटा मुरगळला आणि तिची आठ दिवसांची मजुरी बुडाली. अंग गरम न करता खेळायला लावले, ही चूक सर्वस्वी माझी होती. गटाने वर्गणी काढून तिची काही भरपाई केली आणि मला न दुखावता सांगितले की, आधी दहा मिनिटे नुसते चालायचे. तेव्हापासून नवीन येणारीचा रक्तदाब आरोग्यसेविका आधी तपासते. कोणाची साखर किती उतरली, वजन किती घटले, याचे दावे मी करणार नाही, कारण तसे मोजमाप आम्ही शिस्तीने केलेले नाही. माझ्याकडे फक्त हजेरीची वही आहे. चाळीसच्या आसपास जणी नियमित येतात. त्याच वहीत आणखी एक गोष्ट दिसते. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीतील वरच्या मजल्यांवरच्या वृद्धा, दोन्ही वेळचा स्वयंपाक बाहेर करणाऱ्या, आणि घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्या बायका आमच्यापर्यंत पोचलेल्याच नाहीत. ज्यांना सर्वाधिक गरज, त्या आमच्याही हातून सुटल्या आहेत.

‘वस्त्यांनी स्वतः पुढे यावे’ असे म्हणणाऱ्यांसाठी चेन्नईचे एक उदाहरण सांगते, कारण ते दोन्ही बाजूंनी बोलते. १९९६-९७ च्या सुमारास मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नईतील दोन वसाहतींत मधुमेहाचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी तिरुमंगलम भागातील एशियाड कॉलनी मध्यमवर्गीयांची होती आणि टी. नगरमधील वस्ती अल्प उत्पन्न गटाची. मध्यमवर्गीय वसाहतीत संशोधकांनी व्याख्याने घेतली, जीवनशैलीविषयी जागृती केली. त्यातून रहिवाशांनी एकत्र येऊन, स्वतःच्या पैशाने, चालण्यासाठी एक उद्यान उभारले. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांचे तेथील प्रमाण आधी १४.२ टक्के होते, ते काही वर्षांत ५८.७ टक्क्यांवर गेले. लोकांनी स्वतः केलेल्या कामाचा असा मोजलेला पुरावा आपल्या देशात सहसा सापडत नाही, म्हणून तो जरूर सांगितला जावा.

पण गोष्ट येथे संपत नाही. दहा वर्षांनी संशोधक दोन्ही ठिकाणी परत गेले. मध्यमवर्गीय वसाहतीत मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून १५.४ टक्के झाले होते. अल्प उत्पन्न गटाच्या वस्तीत ते ६.५ वरून १५.३ टक्के झाले होते. ज्या आजाराला आपण ‘श्रीमंतांचा रोग’ म्हणत होतो, तो दहा वर्षांत गरिबांच्या दारात तितक्याच प्रमाणात येऊन बसला. त्या वस्तीत फक्त प्रतिबंधाचा नेहमीचा सल्ला दिला गेला होता आणि तेथे कोणतेही उद्यान उभे राहिले नाही. सगळा फरक एका उद्यानामुळे पडला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण आहार, रोजगार, उपचार असे कितीतरी धागे त्यात असणार. पण वर्गणी काढून बाग उभारायची ऐपत आणि त्यासाठी मोकळी जमीन ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती उभारली; ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना सल्ला मिळाला, ही वस्तुस्थिती आहे. लोकसहभागाच्या नावाखाली सगळेच लोकांवर सोडले, तर विषमता कमी होण्याऐवजी वाढते, एवढा इशारा मी त्या दोन आकड्यांतून घेते.

आपल्याकडेही वस्ती पुढे येत नाही, असे नाही. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांचे फुटबॉल सुरू केले, आणि ते पुढे किती वाढले हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. मला त्याहून जवळचे वाटते ते मुंब्र्याचे उदाहरण. तेथे ‘परचम’ या संस्थेभोवती जमलेल्या मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची अडचण चेंडूची नव्हती. मैदान मुलांनी भरलेले असे आणि मुलींनी तेथे उभे राहणे हेच नवल होते. त्या मुलींनी सह्या गोळा केल्या आणि मैदानावर आमच्यासाठी जागा राखून ठेवा, अशी मागणी लोकप्रतिनिधींपुढे ठेवली. खेळायला शिकवा, असे त्यांनी म्हटले नाही. उद्यानांवर निधी खर्च करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

निधीचा विषय निघालाच आहे म्हणून त्या ओपन जिमविषयीही लिहिते. आमच्या उद्यानात यापूर्वी बसवलेल्या यंत्रांपैकी दोहोंचे बेअरिंग पहिल्याच पावसाळ्यात बसले. एकाचे पेडल साडीत अडकते म्हणून बायका त्याला हात लावत नाहीत. सायकलच्या आसनावर बसून मुले वडापाव खातात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, कारण त्या कोपऱ्यात सावलीत बसायला दुसरे काही नाही. यंत्राला कोनशिला लावता येते, त्याचे उद्घाटन करता येते. दुपारी फाटक उघडणाऱ्या रखवालदाराच्या पगाराचे उद्घाटन करता येत नाही, बहुधा म्हणूनच त्याची तरतूद होत नसावी.

असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशाताई जो अर्ज भरतात, त्यात वय, तंबाखू, मद्यपान, कमरेचा घेर आणि घराण्यातील आजार यांबरोबर, आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल करता का, असा प्रश्न आहे. नाही म्हटले की एक गुण वाढतो. एकूण गुण चारच्या पुढे गेले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे असते. अर्ज चांगला आहे. पण घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर चालायला सुरक्षित जागा आहे का, ती तुमच्या मोकळ्या वेळेत उघडी असते का, तेथे स्वच्छतागृह आहे का, हे त्यात विचारलेले नाही. त्यामुळे ‘नाही’ या उत्तराची सगळी जबाबदारी उत्तर देणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा होते. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. मुंबईसारख्या शहरात त्याचा अगदी छोटासा हिस्साच लोकांच्या वाट्याला येतो. नवी जमीन कोठून आणायची, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण असलेली जागा अधिक तास आणि अधिक लोकांसाठी वापरता येईल, हे सांगायला नियोजनतज्ज्ञ असावे लागत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे नमूद आहे. ज्या सार्वजनिक शाळांना ते आहे, त्यांची फाटके सुटीच्या दिवशी आणि शाळा सुटल्यावर बंद असतात. किल्ली शिपायाकडे असते, परवानगी मुख्याध्यापकांच्या हातात नसते, आणि वरिष्ठांकडे केलेला अर्ज कोणत्या टेबलावर थांबतो हे कळत नाही. मी नोकरीत असताना स्वतः असे अर्ज ‘वरिष्ठांच्या अभिप्रायार्थ’ पाठवलेले आहेत. वस्तीतील नोंदणीकृत मंडळाने किंवा महिला बचत गटाने जबाबदारी घेतली, तर अशी मैदाने ठरावीक तास त्यांच्या ताब्यात देण्यास हरकत नसावी. मैदान अस्वच्छ राहिले तर परवानगी काढून घ्यावी. त्यातील काही तास केवळ महिला आणि मुलींचे असावेत आणि ते फलकावर लिहिलेले असावेत, म्हणजे रोज नव्याने वाद घालावा लागणार नाही. वस्तीतल्याच एखाद्या तरुणीला प्रशिक्षण देऊन मानधन द्यावे. माझ्यासारख्या निवृत्त बाईच्या हौसेवर गट किती वर्षे चालणार? माझे स्वतःचे गुडघे आता जिना चढताना बोलू लागले आहेत. आणि उद्यानावर किती खर्च झाला याबरोबरच, तेथे कोण येते आणि कोण येत नाही, याची नोंदही कोणीतरी ठेवावी.

उद्यान दुपारी एक ते चार उघडे ठेवावे, झाडांखालच्या भागापुरते तरी, असा अर्ज आमच्या गटाने आठ महिन्यांपूर्वी संबंधित कार्यालयात दिला. त्यावर एकशे बारा जणींच्या सह्या आहेत, त्यांपैकी सतरा अंगठे आहेत. पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही. नूतनीकरणानंतर फाटक नवे बसवले आहे, कुलूपही नवे आहे. बुद्धविहाराच्या सभागृहात दोन पंखे आहेत आणि चाळीस जणी एकदम मावत नाहीत, म्हणून सध्या वीस-वीसच्या दोन फेऱ्या करतो. दुसऱ्या फेरीतल्या बायकांना चारच्या कामाला पोचायला उशीर होतो, आणि गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या तिघींनी येणे थांबवले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका